त्यांच्या नावाचा अंक

फेब्रुवारी १९९९. हे गेले त्याला तेवीस दिवस झाले होते. एरवी सायकलवरूनच हाक मारणारा पोस्टमन त्या दुपारी सायकल भिंतीला लावून ओसरीपर्यंत चालत आला. हातात खाकी पट्टीत गुंडाळलेला 'शेतकरी'चा अंक. पट्टीवर यांचे नाव, गाव, तालुका औसा, जिल्हा लातूर.

"वहिनी, अंक आलाय," तो म्हणाला आणि थांबला. माणूस गेला की टपालावर तसा शेरा मारून ते परत पाठवायचे असते, हे त्याला ठाऊक होते. तो शेरा लिहायला त्याचा हात धजत नव्हता, हे मला दिसत होते. मी हात पुढे केला आणि त्याने अंक दिला. निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला तो त्याच नावाचा अंक माझ्या हातात देत राहिला. नाव बदलायचे का, असे त्याने एकदाही विचारले नाही.

'शेतकरी' हे राज्याच्या कृषी खात्याचे मासिक. पुण्याहून निघते, १९६५ पासून. यांनी वर्गणी भरली ती १९८७ साली, आमच्या लग्नाला वर्ष झाले होते तेव्हा. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्र सरकारने तेलबियांचे तंत्रज्ञान मिशन सुरू केले होते आणि बियाण्याची मिनीकिटे वाटली जात होती. आमच्या वाट्याला सूर्यफुलाचे किट आले. त्यातला माहितीचा कागद यांनी इतक्यांदा वाचला की तो घड्यांवर फाटला. मग त्यांनी कृषी सहाय्यकाला विचारले, असे लिहिलेले आणखी कुठे मिळते? त्याने मनिऑर्डरचा पत्ता दिला.

हे दहावीपर्यंत शिकलेले. अंक आला की रात्री जेवण झाल्यावर कंदिलापाशी बसायचे, कानावर पेन्सिल. पेन्सिलीला टोक विळ्याने काढायचे. वाचता वाचता समासात खुणा करायच्या. बरोबरची खूण म्हणजे यंदा करायचे. फुली म्हणजे आपल्या रानात चालायचे नाही. आणि कुठे कुठे प्रश्नचिन्ह. त्याचा अर्थ, कुणाला तरी विचारून बघायचे. मी भाकरीचा पसारा आवरत असे. काय वाचता, असे मी कधी विचारले नाही आणि त्यांनी आपण होऊन सांगितले नाही. बारा वर्षांच्या संसारात ही एक गोष्ट राहून गेली याचे मला आजही वाईट वाटते.

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या घराचे माळवद खाली आले. आम्ही खळ्यावर निजलो होतो म्हणून जिवंत राहिलो, पण आधीचे सगळे अंक दगडामातीत गेले. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर यांनी पहिल्यांदा काय केले असेल, तर पोस्टात जाऊन 'शेतकरी'चा पत्ता तोच ठेवा म्हणून सांगितले. घर राहिले नव्हते, पत्ता होता. म्हणून माझ्याकडची चवड त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून सुरू होते.

हे गेले तेव्हा मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात. जमीन सात एकर, काळी, निम्मी चांगली खोल आणि निम्मी मुरमाकडे झुकलेली. चौदावा झाल्यावर मोठे भाऊजी म्हणाले, "बटईनं देऊन टाकू. तुम्हाला घरबसल्या दाणे मिळतील." त्यांच्या मनात खोट नव्हती. आमच्याकडे बाई रानात राबते, पण कोणत्या शेतात काय पेरायचे हे ती ठरवत नाही. मी म्हटले, मृगापर्यंत थांबा. असे का म्हटले, ते माझे मलाही नीटसे ठाऊक नव्हते.

त्या उन्हाळ्यात मी अंक उघडले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यानंतर पोथी आणि कॅलेंडर सोडून काही वाचले नव्हते. पहिल्याच पानावर अडले ती हेक्टरपाशी. मासिकात सगळे हेक्टरी. आमची भाषा एकराची आणि गुंठ्याची. हेक्टरी ७५ किलो सोयाबीनचे बियाणे म्हणजे माझ्या एकराला किती? मुलाच्या पाटीवर मांडून बघितले, एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, ७५ भागिले अडीच, ३०. उत्तर आले तेव्हा ते बरोबर आहे का हे विचारायला कुणी नव्हते. मग यांच्या एका जुन्या अंकात समासात तोच हिशेब पेन्सिलीने केलेला सापडला. खाली ३० लिहून त्याभोवती गोल केला होता. मी त्या आकड्याकडे किती वेळ बघत बसले कोण जाणे.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजूला वाती वळत बसायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. एका संध्याकाळी म्हणाल्या, "मनात काय वाचतीस? मोठ्यानं वाच की. मला बी कळू दे." तेव्हापासून दर महिन्याचा अंक मी मोठ्याने वाचू लागले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. शिफारस, प्रादुर्भाव, आंतरमशागत, आर्थिक नुकसानीची पातळी असे शब्द आधी जिभेवर अडखळायचे. काही दिवसांनी आत्याबाईच शेजारणीला सांगताना ऐकले, "औंदा मिजमाशीचा प्रादुर्भाव हाय बग."

करडईचा लेख आला त्या वेळची गोष्ट. आत्याबाईंचे एक ठरलेले सांगणे होते, हस्त लागला की करडई. का, याला उत्तर नव्हते. त्यांच्या सासूने सांगितले म्हणून. अंकात लिहिले होते, करडईची पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकावी. उशीर झाला तर थंडीत नेमकी वाढीच्या काळात मावा येतो आणि पीक चिकट, काळे पडून बसते. हस्त नक्षत्र लागते सप्टेंबरच्या शेवटी. मी वाचून थांबले. आत्याबाईंनी वात खाली ठेवली. "म्हंजे आमी सांगत हुतो ते खरंच हुतं म्हणा की," एवढेच म्हणाल्या. पण त्या रात्री त्यांनी मला आपल्या सासूबद्दल पहिल्यांदा सांगितले, तीही लवकर विधवा झाली होती. त्या कुटुंबातल्या बायकांना कधी पेरायचे ते ठाऊक होते. किती आणि कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मासिकाने ते सांगितले, आणि आधीच्या बायांचे बोलणे खोटे पाडून नाही. त्यांच्या बोलण्याखाली कारण लिहून दिले. मासिकाचे माझ्यावरचे सगळ्यात मोठे ऋण कोणते असे कुणी विचारले, तर मी वाढलेल्या उताऱ्याच्या आधी ही संध्याकाळ सांगेन.

मृग आला. भाऊजींना मी सांगितले, यंदा मीच करते.

पहिल्या वर्षी दोन एकर सूर्यफूल घेतले. फुलोऱ्यात आले आणि पाऊस लांबला, आभाळ नुसते दाटून असायचे. मधमाश्या दिसेनात. सूर्यफुलात माशी फिरली नाही की मधल्या बिया पोचट राहतात. फुलाचा घेर मोठा दिसतो, आत वारा. यांनी बरोबरची खूण केलेला एक जुना परिच्छेद होता. पीक फुलोऱ्यात असताना सकाळच्या वेळी हाताला तलम कापड गुंडाळून फुलांच्या तोंडावरून हलकेच फिरवावे, एका फुलाचे परागकण दुसऱ्याला लागतात. आणि त्या दिवसांत फवारणी करू नये, मधमाश्या मरतात.

मी माझ्या जुन्या सुती पातळाचा मऊ तुकडा फाडला. उजाडल्यावर दव ओसरले की रानात जायचे आणि एकेका फुलावरून हात फिरवत पुढे सरकायचे. दोन एकरांत किती फुले असतील ते मोजले नाही. मुलगी शाळेआधी तासभर यायची. तिची उंची फुलाइतकीच होती. बांधावरून जाणारी माणसे थांबून बघायची. एक म्हातारा मला ऐकू जाईल असे म्हणाला, "बिचारीचं डोकं फिरलं." मला ते लागले नाही. हे गेल्यापासून मी कुणाला हात लावून बोलले नव्हते. त्या पिवळ्या तोंडांवरून कापड फिरवताना माझ्या घशातला दगड थोडा हलला. काढणीला फुले मधोमध दाबून बघितली तर टणक होती, भरलेली. पुढच्या वर्षी तोच म्हातारा कापड कसले घ्यायचे ते विचारायला आला. मी त्याला अंक वाचून दाखवला.

सोयाबीन आमच्याकडे नव्वदच्या दशकात आले आणि बघता बघता खरिपाची ज्वारी, मूग, उडीद मागे पडले. जबलपूरचे जेएस ३३५ हे वाण जो तो पेरत होता. मीही पेरले. खतासाठी तालुक्याला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "डीएपी घ्या ताई, सगळे तेच नेतात." मी सिंगल सुपर फॉस्फेट मागितले. तेलबियांना स्फुरदाबरोबर गंधक लागते. सुपर फॉस्फेटमध्ये ते असते, डीएपीमध्ये नसते. त्याने माझ्याकडे बघितले, मग मागे उभ्या असलेल्या माझ्या भावाकडे बघितले आणि त्यालाच विचारले, "काय देऊ?" भाऊ म्हणाला, "ती सांगतेय ते द्या." पोती बैलगाडीत टाकताना माझे हात थरथरत होते. मी एका पुरुषाला नाही म्हटले होते, आणि माझ्याजवळ कारण होते.

मोंढ्यात त्याच्याही पुढचे शिकावे लागले. सोयाबीनचा सौदा तिथे दहा-दोन-दोनवर होतो. ओलावा दहा टक्के, काडीकचरा दोन, डागी दाणा दोन. त्याच्या वर गेले की कात्री. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा बारा टक्के. मापाडी मूठभर दाणे दाताखाली चावून "हवा जास्त आहे" म्हणायचा आणि क्विंटलमागे पैसे कापले जायचे. मी एकदा यंत्रावर मोजा म्हटले. आडत्याला ते आवडले नाही, पण यंत्र आणावे लागले. आकडा साडेदहा आला. हमालांनी तो मोठ्याने सांगितला. त्या दिवसापासून माझ्या पोत्यांत कुणी दात लावला नाही.

बाजारभावाच्या बाबतीत मात्र मासिकाचा उपयोग नव्हता. महिन्यातून एकदा येणारा कागद रोज हलणारा भाव कसा सांगणार? त्यासाठी आकाशवाणी होती, आणि २००५ साली 'अ‍ॅग्रोवन' निघाल्यावर गावच्या दुकानात रोजचा भाव वाचायला मिळू लागला. पण मोजून पिकवलेल्या मालाचे पुढे काय होते, ते मोजमापाच्या बाहेरचे आहे. २०२१च्या ऑगस्टात लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले, आणि आमचा नवा माल निघेपर्यंत भाव निम्म्यावर आला. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला, मोंढ्यात त्याहून कितीतरी खाली विकले. हे मला बोचते. पिकवायला शिकवणारे भेटले, विकायला शिकवणारे भेटले नाहीत.

आणखी एक ऋण, जे मला फार उशिरा कळले. २००१ साली पाऊस दगा देऊन गेला. वर्गणी संपल्याची चिठ्ठी आली होती. मुलीची फी भरायची होती, मी चिठ्ठी देवळीत ठेवून दिली. अंक येतच राहिले. मला वाटले, खात्याने गरीब बाईला सूट दिली असेल. चार-पाच वर्षांनी कृषी सहाय्यकाची बदली झाली. निरोपाला त्याला जेवायला बोलावले, तेव्हा बोलता बोलता त्याच्याच तोंडून निघून गेले की त्या वर्षीची वर्गणी त्याने स्वतःच्या पगारातून भरली होती. मी पैसे द्यायला उठले. तो म्हणाला, "ताई, तुमच्या रानातला करडईचा प्लॉट मी पाच गावांच्या लोकांना दाखवला. माझे पैसे वसूल झाले." तो आता कुठे आहे मला ठाऊक नाही. त्याचे ते पैसे मी दर वर्षी एका मुलीच्या नावाने वर्गणी भरून फेडते. ती मुलगी दर वर्षी वेगळी असते, आणि पट्टीवर तिचेच नाव असते, तिच्या बापाचे नाही.

मासिकाच्या भाषेबद्दल लोक तक्रार करतात. रुक्ष, सरकारी म्हणतात. मला तीच भाषा आवडते. बियाण्याच्या जाहिराती एकरी पंधरा-पंधरा क्विंटल सांगत होत्या. मासिक सांगायचे, सरासरी उत्पादन इतके, योग्य ओल असल्यास, वेळेवर पेरणी झाल्यास. त्या 'असल्यास' आणि 'झाल्यास'मध्ये माझी शेती होती. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असे छापून आले. मी अंगणात सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा ठेवला आणि रोज सकाळी मुलाच्या फूटपट्टीने पाणी मोजून कोळशाने भिंतीवर आकडे लिहू लागले. शेजारची राने पहिल्या सरीवर पेरली जायची. माझ्या भिंतीवरची बेरीज साडेसात सेंटिमीटर होईपर्यंत माझी तिफण हलत नसे. ते थांबण्याचे दिवस फार जड जायचे. आत्याबाई गेल्यावर तर जास्तच, कारण "धर दम" म्हणणारे कुणी उरले नव्हते.

२०२० सालचा खरीप विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी विसरणार नाहीत. सोयाबीन उगवलेच नाही, गावेच्या गावे दुबार पेरणीला लागली. त्या वर्षी मुलगा शेती बघू लागला होता. त्याने बियाण्याच्या दोन पिशव्या विकत आणल्या. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही. मी म्हटले, आधी गोणपाट काढ. धुऊन भिजवलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा ओळींत दहा-दहा असे शंभर दाणे ठेवायचे, वर दुसरा तुकडा, पाणी शिंपडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि सहा-सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. अशा तीन गुंडाळ्या. सत्तर किंवा वर निघाले तर एकरी तीस किलो. कमी निघाले तर त्या मानाने बियाणे वाढवायचे. विकतच्या बियाण्याच्या तीन गुंडाळ्यांत ४१, ३८ आणि ४४ निघाले.

सोयाबीनचे फूल आपल्याच परागाने फळते, त्यामुळे प्रमाणित बियाणे एकदा आणले की पुढची काही वर्षे घरचेच वापरता येते. मात्र दाण्याची साल पातळ असते. मळणी यंत्राचा वेग कमी हवा, पोती आदळायची नाहीत, थप्पी उंच लावायची नाही. आदल्या वर्षीची चार पोती मी अशीच, लेकराला निजवावे तशी ठेवली होती. त्यांच्या गुंडाळ्यांत ७४, ७८, ७२. मुलगा कोंब मोजत होता, मी दारात उभी होते. मोजून झाल्यावर त्याने वर बघितले आणि म्हणाला, "आई, हे बाबांनी शिकवलं का तुला?" मी हो म्हटले. त्या आठवड्यात गावातल्या वीस-बावीस घरांच्या ओसऱ्यांवर गोणपाटे भिजली. ज्यांनी आधीच पेरले होते त्यांच्यासाठी मला काही करता आले नाही.

आता मुलाकडे मोबाइल आहे. हवामान, भाव, कीड, सगळे त्याला तिथेच मिळते, आणि मिळावे. रान बहुतेक सोयाबीनखाली आहे. मी एक एकर करडई सोडलेली नाही. काट्यांमुळे काढणीला माणूस मिळत नाही, म्हणून फलटणच्या निंबकर संस्थेचे बिनकाट्याचे नारी-६ वाण घेतले. पाकळ्याही वेचता येतात. घाण्याचे तेल घरात पुरते आणि मुलीकडे पुण्याला जाते.

गेल्या पावसाळ्यात पत्रा गळू लागला म्हणून चवड हलवली. १९९८ सालचा नोव्हेंबरचा अंक हाती आला. यांच्या खुणा असलेल्या शेवटच्या दोन-तीन अंकांपैकी एक. मी तो अनेकदा वाचला आहे, पण माझे लक्ष खरिपाच्या पिकांवर असायचे. मागच्या पानांत जवसावर छोटी टिपणी होती आणि तिच्या समासात प्रश्नचिन्ह, दोनदा गिरवलेले. खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'मुरमाड तुकडा? आईला विचारणे.' आमच्या घरी जवस कधी पेरला गेला नाही. आत्याबाईंना त्यांनी विचारले होते की नाही, हे सांगणारे आता कुणी नाही.

मुलाला म्हटले, मुरमाकडचे दहा गुंठे मला दे. ऑक्टोबरात हरभऱ्याशेजारी जवस पेरला. उगवण चांगली झाली. त्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात, म्हणून मी चहा झाल्याबरोबर रानात जाते.